उद्या सकाळी अंडी कोण उकडणार

त्या सकाळी मी कोंडा चाळत होते. हौदावर पडलेली कडुनिंबाची पाने जाळीने काढून झाली होती, विहिरीची मोटार लावून झाली होती, शेंगदाण्याची पेंड भिजत घातली होती. अनंतराव सायकलची घंटी हातात घेऊन मोठ्या हौदाच्या कठड्यावर उभे होते. सायकल केव्हाच भंगारात गेली होती, घंटी तेवढी ठेवली होती. ती वाजली की महसीर मासे तोंडे वर काढून काठाला यायचे आणि ते त्यांना कणकेच्या गोळ्या घालायचे. मग ते बारक्या गोल हौदाशी गेले, भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "शशी, जिरं उद्या तोंड उघडेल. उद्यापासून अंडी लागतील."

मी म्हणाले, "आणून ठेवलीत."

"ताजी आहेत ना?"

"कोंबडीला विचारा."

ते हसले की नाही मला ठाऊक नाही. माझे लक्ष चाळणीत होते.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे वकील चिन्मय देव यांचे म्हणणे आहे. ते माझ्या मुलापेक्षा लहान आहेत, पण कोट घालतात म्हणून मी त्यांना अहो म्हणते. ते म्हणाले, "मावशी, आधी तुम्ही कोण ते लिहा, मग डोकं ठीक आहे असं लिहा, मग कोणाला काय ते लिहा." तर तसे लिहिते.

मी शशिकला अनंत भानारकर, विधवा, राहणार आनंद नगर, रायसेन रोड, भोपाळ, धंदा मत्स्यबीज केंद्र, असे लिहून देते की माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या पावसाळ्यात पित्ताशय काढले, डोके काढलेले नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही. लाडीगोडी मुलाने लावली होती, दिवाळीत, पण तिचा उपयोग झाला नाही. हा कागद मी माझ्या हाताने मराठीत लिहिला आहे. वकील हिंदीत करून देतो म्हणाले. हिंदीत मी भाजी घेते, भांडते, मासे विकते. मरणाचे तेवढे मराठीत होऊ द्या. कचेरीला लागले तर कचेरीने भाषांतर करून घ्यावे.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचे वाचन माझे मी केले, आधी पेंडीच्या पोत्यांवरचे, मग मत्स्य खात्याच्या पुस्तिका, मग मराठी मंडळाच्या वाचनालयातले कपाट डावीकडून उजवीकडे. त्यामुळे या कागदात कुठे कादंबरीसारखे झाले असेल तर तो दोष त्या कपाटाचा समजावा.

आणखी एक. हयातीत मी पतीचे नाव उखाण्याशिवाय कधी घेतले नाही. कायद्याला नाव लागते, म्हणून इथे पानापानावर घेत आहे. त्यांनी समजून घ्यावे.

या कागदात घर आहे, ठेवी आहेत, हत्यारे आहेत, पण ते सगळे सोपे आहे. खरा प्रश्न एकच आहे. मी गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी कोण उकडणार.

कलम १. मालमत्ता कुठून आली.

माझे माहेर भंडारा जिल्ह्यातले, तलावाकाठचे. आम्ही ढिवर. माझे वडील आणि काका तलाव घेऊन मासे करत, आणि मासा मेला की मेलेल्या पाण्याचा वास कसा असतो ते मला चालायला येण्याआधी कळत होते. सासरचे लोकही ढिवरच, पण त्यांनी दोन पिढ्यांपूर्वी जाळे खुंटीला टांगले, नागपुरात कचेरीत लागले, आणि कचेरी भोपाळला आली तसे भोपाळला आले. त्यांच्या घरात माशाचे नाव फक्त रविवारी आणि हळू आवाजात निघायचे.

अनंतराव इथल्या विजेच्या मोठ्या यंत्रांच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. बरोबरीच्या लोकांनी किराणा दुकान टाकले, शाळेची व्हॅन घेतली. यांनी आनंद नगरच्या पुढे विहिरीची जमीन घेतली आणि मला म्हणाले, "तुझं माहेर इथे आणतो." मी म्हणाले, "माहेरी मला कोणी पेंड कालवायला लावत नव्हतं." पण बरे वाटले.

हौद त्यांनी स्वतः उभे राहून बांधून घेतले. गोल हौद इतका गोल की कारखान्यातले मित्र माप लावून बघून गेले. या हौदात मासे अंडी सोडतात आणि त्यातून पिले निघतात. नुकते निघालेले पिलू जिऱ्याएवढे असते, म्हणून धंद्यात त्याला जिरेच म्हणतात. पहिले दोन-तीन दिवस ते पोटाशी बांधून आणलेल्या शिदोरीवर जगते. ती संपली की तोंड उघडते, आणि तोंड उघडले की त्याला त्याच दिवशी खायला लागते. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक मलमलीच्या फडक्यातून पिळून पाण्यात शिंपडायचा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी हौद रिकामा असतो.

पहिल्या हंगामात आम्हाला अंड्यांपर्यंत पोचताच आले नाही. कारखान्यात कुठलेही यंत्र सुरू करण्याआधी धुऊन पुसून लखलखीत करतात. अनंतरावांनी त्याच सवयीने जिरे सोडायच्या आदल्या दिवशी सगळे हौद कपड्यांच्या पावडरीने घासले. फेस आला तेव्हा मी म्हणाले, "अहो, हे काय?" ते म्हणाले, "स्वच्छता." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे जिरे मेले, आणि हौद मात्र इतका स्वच्छ होता की मेलेले एकूण एक दिसत होते. ही गोष्ट इथे मुद्दाम लिहिली आहे. पुढे कलम ७ मध्ये तिचा उपयोग होणार आहे.

त्यानंतर गाडी रुळावर आली. रोहू, कटला आणि मृगळ यांची पिले गावोगावच्या तलावांत सोडायला जातात, मोठी होतात, आणि लोक ती खातात. महसीर मात्र खायला नाही, खेळायला जातो. त्याचे कलम ५ मध्ये.

अनंतरावांच्या मागे हे सगळे माझ्या नावावर झाले आहे. कागद लोखंडी कपाटात, वरच्या खणात, साड्यांच्या खाली आहेत. साड्या विस्कटू नयेत.

कलम २. घर.

आनंद नगरचे घर मुलगा हर्षल याला द्यावे. तो पुण्याला असतो, त्याने ते ठेवावे की विकावे हा त्याचा प्रश्न. हर्षल माझ्यावर रागावणार आहे, पण त्याने हे कलम वाचून रागावू नये, पुढे त्याला कारण आहे.

मला ठाऊक आहे की त्याला मासे का नको आहेत. शाळेत असताना पिलांच्या पिशव्या घेऊन आम्ही त्याला बसने सोबत न्यायचो, आणि एकदा बसमध्ये पिशवी फुटली तेव्हा त्याच्या वर्गातली मुले मागच्या सीटवर होती. वर्षभर त्याला वर्गात काय हाक मारत ते त्याने मला सांगितले नाही, त्याच्या बहिणीने सांगितले. हर्षल, ते माझ्या लक्षात आहे. म्हणून तुला घर देते. त्याला कसलाही वास येत नाही, मी पुसून घेतले आहे.

याशिवाय अनंतरावांची पाणसळ, म्हणजे ती काचेत बुडबुडा असलेली पट्टी, हर्षलला द्यावी. लहानपणी तो ती फरशीवर ठेवून पालथा पडून बुडबुड्याकडे बघत बसायचा आणि त्याला जेवायला उठवावे लागायचे. बाकी पाने, पकडी, पाइप कापायची करवत केंद्रावरच राहील.

कलम ३. ठेवी आणि दागिने.

हे सगळे मुलगी अपर्णा हिला. ती इंद्रपुरीला राहते, शाळेत शिकवते, आणि दर रविवारी येऊन मला रागावून जाते. केंद्र का नाही दिले असे तिने विचारू नये. मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "आई, मी दिवसभर मुलांकडे बघते. संध्याकाळी परत पिलांकडे बघ म्हणू नकोस." हे उत्तर मला पटले.

जावईबापूंना मासा आवडतो. त्यांना केंद्रावरच्या खाण्याच्या माशांच्या हौदातला एक रोहू दर रविवारी, ते जिवंत असेपर्यंत, द्यावा. मासा त्यांनी स्वतः निवडू नये. ते सज्जन आहेत, पण त्यांची नजर दर वेळी बरोबर अंड्यांवर आलेल्या मादीवर जाते.

कलम ४. सरोवर हाइट्स.

केंद्रासमोर या नावाची वसाहत झाली आहे. तिच्यात सरोवर नाही आणि हाइट दोन मजल्यांची आहे. तिच्या मालकांना आमची जमीन हवी आहे. हर्षल दिवाळीत आला तेव्हा ते त्याला भेटले आणि त्याने मला चहा स्वतः करून दिला. तेव्हाच मी ओळखले.

तो म्हणाला, "आई, ते चांगला भाव देतायत."

मी म्हणाले, "त्यांना जमीन कशाला हवी?"

"त्यांना ना, एक सरोवर हवंय."

"कुठलं?"

"आपले हौद. थोडे रुंद करून, कारंजं वगैरे."

"आणि माशांचं काय?"

"रंगीत सोडतील."

यावर मी त्याला दुसरा चहा करायला पाठवले. या कलमाने मी लिहून देते की ही जमीन सरोवर हाइट्सला, तिच्या मालकांना, त्यांच्या मेहुण्यांना किंवा त्यांच्या पुढच्या कोणत्याही नावाला मी दिलेली नाही. त्यांच्या पहारेकऱ्याला मात्र हंगामात पिण्याचे पाणी आमच्या विहिरीचे द्यावे. तो भला माणूस आहे आणि त्यांच्याकडे पाणी येत नाही.

कलम ५. खेळाचे मासे.

शहराबाहेर एक खाजगी तलाव आहे. तिथे गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी लोकांचा क्लब आहे. श्री. शैलेंद्र सक्सेना त्याचे अध्यक्ष. हे लोक मासा धरतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि परत सोडून देतात. मला हे समजायला बरीच वर्षे लागली आणि अजून पुरते समजलेले नाही. त्यांना महसीर हवा असतो, कारण गळाला लागला की तो तासभर झुंजतो.

आमचे पहिले महसीर त्यांनी तलावात सोडले, मोठे होऊ दिले, आणि मग स्पर्धा ठेवली. टोप्या घातलेले पाहुणे लांबून आले. गळ टाकून सगळे गप्प बसले. दुपार होत आली तरी एक मासा हलला नाही. तेवढ्यात पाळीवरून दूधवाला सायकलची घंटी वाजवत गेला. तलावातले झाडून सगळे महसीर काठाला आले आणि पाहुण्यांपुढे तोंडे उघडून उभे राहिले. एका पाहुण्याने एक तर टोपीतच धरला, आणि त्या माशाने तक्रार केली नाही.

संध्याकाळी शैलेंद्रबाबू केंद्रावर आले. एरवी फार मऊ बोलणारा माणूस. म्हणाले, "भानारकरजी, ये मछली है कि बछड़ा? लड़ती ही नहीं."

अनंतराव कठड्यावर बसले होते. ते म्हणाले, "साहब, लड़ना आप सिखाइए. हमने तो खाना सिखाया है."

चूक आमचीच होती. ज्या माशाने माणसापासून पळायचे त्याला आम्ही माणसाच्या हातून जेवायला शिकवले होते. तेव्हापासून नियम केला आहे आणि तो माझ्या मागेही पाळावा. तिसऱ्या हौदातले महसीर खेळासाठी आहेत. त्यांना खाणे दुरून टाकावे आणि लगेच निघून यावे. घंटी वाजवू नये. नाव ठेवू नये. त्यांच्याशी बोलू नये. नियम केल्यावर पहिल्या वर्षी अनंतराव त्यांच्याशी बोलत नव्हते, पण शीळ घालत होते, आणि क्लबमध्ये कोणी शीळ घातली की काय व्हायचे ते शैलेंद्रबाबूंना विचारावे.

शैलेंद्रबाबू आता आमच्या घरचेच झाले आहेत. मी त्यांना साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात, नाहीतर त्यांना द्यायला एक घंटी माझ्या मनात होती.

कलम ६. दोन प्रमिला.

मोठ्या हौदात एक महसीर मादी आहे. फार जुनी आहे, लांबीने पोळपाट-लाटणे एकापुढे एक ठेवावे एवढी. घंटी वाजली की सगळ्यांत आधी येते, सगळ्यांत आधी खाते, आणि खाऊन झाले की शेपटीने पाणी उडवून बाकीच्यांना हाकलते. अनंतरावांनी तिचे नाव प्रमिला ठेवले, त्यांच्या थोरल्या बहिणीवरून. वन्संना हे आजवर कोणी सांगितलेले नाही. आता कळले.

वन्सं नागपूरला असतात. त्यांनी तुळशीची माळ घातली आहे, मासे, मटण, अंडे त्यांना चालत नाही. आम्ही केंद्र काढले तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "आजोबांनी जाळं सोडलं म्हणून आपण माणसांत आलो, वहिनी. तू परत पाण्यात नेऊन सोडलंस." मी म्हणाले, "वन्सं, पाणी स्वच्छ आहे." पावडरीचे त्यांच्या कानावर गेले नव्हते.

अनंतराव गेले त्यानंतरच्या सकाळचे वन्संनी नागपुरात सांगितले, आणि नागपुरातून ते भंडाऱ्यापर्यंत पोचले. सांगणे असे होते. भावाला जाऊन एक रात्र उलटते न उलटते तोच बाईने चूल पेटवली आणि चुलीवर अंडी चढवली. आमच्याकडे सुतकात घरात चूल पेटत नाही, जेवण शेजारून येते. त्यात अंडी. लग्नाकार्यात माझ्या मागे बायका कुजबुजतात ते त्याच अंड्यांबद्दल. एका साखरपुड्यात एक बाई मला तोंडावर म्हणाली, "दुःखात भूक लागतेच हो." मी म्हणाले, "हो, लाखभर तोंडं होती." तिला वाटले माझे डोके गेले आहे. मी पुढे काही समजावले नाही. वाढप्याने जिलबी आणली होती.

वन्संनी सांगितले ते खोटे नाही. मी रडले नाही असेही त्यांनी सांगितले, तेही खरे आहे, त्या दिवशी रडले नाही. नंतर रोज थोडे थोडे उरकते, कोंडा चाळताना. कोंडा डोळ्यात जातोच, कोणी विचारत नाही. पण त्या सकाळची एक गोष्ट वन्सं सांगताना गाळतात. ती मी सांगावी की नाही ते अजून ठरत नाही.

तर व्यवस्था अशी. केंद्रावरची मोठी काळी छत्री वन्संना द्यावी. कशासाठी ते त्यांना कळेल. प्रमिला मासा कोणाला विकू नये आणि कोणी खाऊ नये. जावईबापूंनी हे वाक्य दोनदा वाचावे. तिची अंडी बंद झाली की तिला नर्मदेत सोडावे, आणि सोडताना वन्संनी हजर राहावे. दोघींनी एकमेकींना एकदा तरी बघायला हवे.

कलम ७. मत्स्यबीज केंद्र.

जमीन, विहीर, सगळे हौद, मोटार, जाळी, हापे म्हणजे पिले ठेवायचे पाण्यातले कापडी पिंजरे, पिले मोजायची वाटी, भिंग, सायकलची घंटी आणि अंडी उकडायचे पातेले, हे सर्व मी माझी सून ऋचा हर्षल भानारकर हिला, तिच्या एकटीच्या नावाने देत आहे.

आता हर्षलने एक पेला पाणी प्यावे आणि पुढे वाचावे.

गेल्या पावसाळ्यात माझे पोट एकाएकी दुखायला लागले आणि मला दवाखान्यात टाकले. ऑपरेशन उद्या म्हणाले. पुण्याहून दोघे धावत आले. मला सुया टोचलेल्या होत्या, शेजारी मुलगा बसला होता, मुलगी डबा घेऊन उभी होती, आणि माझ्या डोक्यात एकच होते. मी हर्षलला म्हणाले, "जिरं उद्या तोंड उघडेल." तो म्हणाला, "आई, तू आधी बरी हो. मासे काय, पुढच्या वर्षी होतील." त्याच्या जागी तो बरोबर होता. त्याला आई हवी होती. मी भिंतीकडे तोंड केले. एवढे सगळे उभे आणि अंडी उकडायला कोणी नाही. मागच्या वेळी निदान मी होते.

ऋचा इंदूरची, तिचे माहेर पक्के शाकाहारी. लग्न होऊन आली तेव्हा केंद्रावर ओढणीने नाक धरून उभी राहायची, आणि मासा उडाला की हर्षलच्या मागे लपायची. त्या दिवशी ती दाराशी उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शुद्धीवर आले तेव्हा ती कॉटच्या पायाशी उभी होती, डोळे सुजलेले, आणि तिच्या ओढणीला अंड्याचा वास.

ती म्हणाली, "आई, मी अर्धे मारले."

"काय अर्धे?"

"जिरे. मी पहाटे अंडी उकडली, पण मला माहीत नव्हतं की पांढरं घालायचं नसतं. मी अख्खी अंडी मिक्सरमधून काढली. पाणी दुधासारखं झालं. मग अपर्णाताईंना फोन केला, त्यांनी सांगितलं, मग मी मोटार लावून पाणी बदललं, पण तोवर..."

मी विचारले, "बाकीचे?"

"पोहतायत."

मी म्हणाले, "तुझ्या सासऱ्यांनी पहिल्या वर्षी सगळे मारले होते. पावडरीने."

हसताना टाके दुखले, नर्स रागावली. पण वडील गेल्यापासून, म्हणजे माझ्या मुलांचे वडील, मला इतके हलके वाटले नव्हते.

तो हंगाम तिने पुरा केला. ऑफिसचे काम पत्र्याखाली बसून लॅपटॉपवर करायची. मध्येच घंटी वाजवायची तेव्हा तिच्या साहेबांनी विचारले, हा आवाज कसला. ती म्हणाली, शेजारी मंदिर आहे. तिने खोटे बोलायला नको होते, पण भाव चुकीचा नव्हता. यंदाही ती आली आहे. नाक अजून धरते, पण एका हाताने, दुसऱ्या हाताने काम करते.

म्हणून केंद्र तिला. सून म्हणून नाही, दया म्हणून नाही. ज्या सकाळी आम्ही सगळे आमच्या दुःखात होतो त्या सकाळी ज्याला हौद आठवला त्याचा हौद. पुढे तिला झेपले नाही तर तिने तो चालवणाऱ्या माणसाला द्यावा, कारंजे लावणाऱ्याला नाही. हर्षलला यावर भांडायचे असेल तर त्याने बायकोशी घरात भांडावे, कोर्टात जाऊ नये. घरात तो हरला तरी त्याला जेवायला मिळेल.

ऋचासाठी दोन सूचना. वाटीने पिले मोजताना वाटीत अंगठा घालू नकोस. बाजारात बहुतेक जण घालतात, तेवढी पिले कमी द्यावी लागतात. आणि हौद कशानेही घासू नकोस.

कलम ८. मी गेल्यावर.

मी हंगामात गेले आणि दुसऱ्या दिवशी जिरे तोंड उघडणार असेल, तर चूल पेटवावी. सुतक माणसांना असते. कोणी बाई काही बोललीच तर तिच्या हातात फडके द्यावे आणि पिळायला सांगावे. रडणे हौदापासून थोडे लांब करावे. अंड्यांवर आलेल्या माद्या दचकतात.

माझ्या अस्थी हौदात टाकू नयेत. अनंतरावांची आपल्या अस्थी तिथे टाकाव्यात अशी इच्छा होती, पण पाणी बिघडते म्हणून मी ती मानली नाही आणि त्यांना नर्मदेत सोडले. मलाही तिथेच सोडावे. प्रमिला माशाची वेळ तेव्हाच आली असेल तर दोघींना एकाच खेपेत न्यावे, दोनदा गाडी करू नये. टाकीत तिला जास्त जागा द्यावी.

तेराव्याला पुरणपोळी करावी, वन्संसाठी. जावईबापूंनी चौदाव्या दिवशी काय खायचे ते खावे.

मंडळाच्या वाचनालयाचे एक पुस्तक माझ्या उशाशी आहे. शेवटची काही पाने राहिली आहेत. मी वाचून संपवलेले नसेल तर ऋचाने संपवावे आणि मग परत करावे.

या कागदातील व्यवस्था अमलात आणण्याचे काम वकील चिन्मय देव यांनी करावे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. एकदा रागाच्या भरात अपर्णाला फोनवर काही म्हणाले होते, ते धरू नये.

वरील सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून सही करत आहे.

सही: शशिकला अनंत भानारकर

आमच्या समोर सही झाली:

साक्षीदार पहिला: शैलेंद्र सक्सेना, भोपाळ. (यांना मराठी वाचता येते असे यांचे म्हणणे आहे. कलम ५ वाचताना बरोबर जागी हसले, तेव्हा येत असावे.)

साक्षीदार दुसरी: योगिनी काळे, ग्रंथपाल, भोपाळ.

स्थळ: आनंद नगर, भोपाळ
दिनांक: १२ जून २०२५

पुरवणी.

सह्या झाल्यावर वकील म्हणाले, "मावशी, पहिल्याच पानावरची गोष्ट अर्धी राहिलीय. एक तर पुरी करा, नाहीतर खोडा, आणि खाली पुन्हा सही करा." योगिनीताई म्हणाल्या, पुरी करा. शैलेंद्रबाबूंनी खुर्ची पुढे ओढली. खोडायची तर नाहीच, म्हणून पुरी करते.

त्या दिवशी कोंडा चाळून झाल्यावर मी पोहे केले. ते खाऊन अनंतराव जाळे दुरुस्त करायला पत्र्याखाली बसले आणि दुपारी तिथेच गेले. हातात सुई-दोरा होता. नागपूरहून वन्सं रात्रीच्या गाडीने निघाल्या आणि उजाडायच्या आत पोचल्या. घर माणसांनी भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर जाऊन चूल पेटवली आणि अंडी उकडली. बलक मलमलीतून पिळून जिऱ्याला घातला. पाऊस होता. वन्सं माझ्या मागे आल्या होत्या. नाकाला पदर लावून त्या सगळा वेळ पातेल्यावर छत्री धरून उभ्या होत्या आणि स्वतः भिजत होत्या. मग मी मोठ्या हौदाच्या कठड्यावर चढले आणि घंटी वाजवली.

सही: शशिकला अनंत भानारकर